दानावर नाव घालावं का?



आज गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१. परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. मग देवळाच्या फरशीवर नाव कोरून घेतलं तर ते कुठल्या खात्यात?

यावर मला कऱ्हाडजवळचा आगाशिव डोंगर आठवतो. जखिणवाडीच्या बाजूने चढलं की कातळात बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत, साठाहून जास्त, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. काही चैत्यगृहं, बाकी विहार. (टॉर्च न्या.) खोल्या अगदी लहान, निजायला दगडाचाच कट्टा. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. त्यासाठी हा निवारा. बहुतेक लेण्यांत कुणाचंच नाव नाही. खोदणाऱ्याचं नाही, देणाऱ्याचं नाही, राहणाऱ्याचं तर नाहीच.

पण रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एक शिलालेख आहे: कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक, त्याचं हे दान. म्हणजे आपला कऱ्हाडकर घाट उतरून कोकणात लेणं देऊन आला! पार मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावरही कऱ्हाडच्या दात्यांची नोंद आहे, ती याहून जुनी.

महिकला पुण्य हवं असेलही. पण त्याने नाव कोरलं नसतं तर आपण "पांडवांनी एका रात्रीत खोदली" म्हणून मोकळे झालो असतो. दुकानदारही विहार देत होते, हे त्या एका नावामुळे कळतं. तेव्हा नाव घातलं की अहंकार आलाच, हे मला काही पटत नाही.

प्रश्न माझ्या घरचा आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाला सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सभामंडपासाठी आम्ही पैसे देतोय. आईला फरशीवर बाबांचं नाव हवंय. भाऊ म्हणतो, गुप्तदानच करायचं. श्लोक नीट वाचला तर तो नावाबद्दल बोलतच नाही, परतफेडीबद्दल बोलतो. उद्या काकड्याला आम्हाला पुढे बसवा, असं आई म्हणणार आहे का? नाही. बाबा या गावचे होते, एवढंच तिला कुठेतरी लिहिलेलं हवंय.

अडकते ती मी दुसऱ्या ओळीवर: "यांचे स्मरणार्थ, कन्या अमुक, पुणे, रुपये इतके." ती ओळ बाबांसाठी नाही, ती माझ्यासाठी आहे.

कमिटीला कळवलंय, फक्त बाबांचं नाव आणि गाव घाला. भावाला अजून पटलेलं नाही.