रक्तांतील रोग आणि आपला न्याय

गांवांत एखादा मनुष्य दिवसेंदिवस फिका व अशक्त होऊं लागला आणि त्यास एच.आय.व्ही.ची बाधा आहे असें कळलें, म्हणजे लोक प्रथम हेंच विचारितात कीं, "यानें काय केलें असेल?" असा प्रश्न करणें योग्य आहे काय, याचा शांतपणें विचार करूं.

आपल्या हाडांच्या पोकळींत मज्जा असते. रक्ताच्या पेशी तेथें उत्पन्न होतात. तांबड्या पेशीच रोज सुमारें २०,००० कोटी निर्माण होतात. १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत ज्याचा शोध लागला तो हा विषाणु सीडी४ नांवाच्या पांढऱ्या पेशींचा नाश करितो. इतकेंच नव्हे, तर मज्जेंतील ज्या परिसरांत नव्या पेशी वाढतात, तोही तो बिघडवितो. म्हणून रोग्यास पंडुरोग जडतो व इतर रोगांस तोंड देण्याची शक्ति क्षीण होते. शिवाय १९८७ सालीं मान्यता मिळालेलें पहिलें औषध, झिडोव्हुडीन, यानेंही कित्येकांच्या मज्जेचें काम मंदावतें. तेव्हां ज्या फिक्या चेहऱ्यावर आपण दोष वाचितों, तो कदाचित् औषधाचाच परिणाम असेल!

आईपासून बाधा झालेल्या बाळाच्या रक्ताचीही अशीच हानि होते. त्या बाळानें काय केलें?

कोणी म्हणेल, "बाळ निर्दोष खरें, पण ज्यानें आपल्या वर्तनानें रोग ओढवून घेतला, त्याचें काय?" बंधूंनो, सेवेपूर्वीं साक्ष मागूं लागलों, तर निर्दोषीही भयानें रोग लपवितो. जो लपवितो तो तपासणीस जात नाहीं, औषधही घेत नाहीं. भारतांत २००४ पासून हें औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतें. तें नियमित घेतल्यानें विषाणु दबतो, सीडी४ पेशी पुनः वाढूं लागतात व पुष्कळ रोगी दीर्घकाळ कामधंदा करितात. म्हणजे रोगावर उपाय आहे. आपल्या निंदेनें मात्र रोग्याची उपायाकडे जाणारी वाट बंद होते. मग त्याच्या मरणाचा कांहीं भार आपणांवर येत नाहीं काय?

रक्ताच्या तपासणींत पेशींची संख्या कळते, मनुष्याची योग्यता कळत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें किंवा हात धरल्यानें हा रोग लागत नाहीं. यास्तव "यानें काय केलें?" हें सोडून, "याच्यासाठीं मीं काय केलें?" असें प्रत्येकानें स्वतःस विचारावें, आणि औषध आणावयाच्या दिवशीं त्याच्या सोबतीस जावें.