धरणं आणि मारणं

माझे मामा पोलीस हवालदार होते. पुण्यात चौकातला प्रत्येक पोलीस 'मामा' असतो, पण हे माझे खरे, आईचे धाकटे भाऊ. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

जत्रेची रात्र. वीस-बावीसचा एक पोरगा दारू पिऊन, हातात फुटकी बाटली घेऊन उभा. मामांनी मनगटावर काठी मारली, बाटली पडली. पोरगा तसाच अंगावर आला, म्हणून आणखी दोन मारल्या. मनगट मोडलं ते नीट जुळलंच नाही. तो गवंड्याच्या हाताखाली काम करायचा; पुढे त्याला थापी धरता येईना. तक्रार झाली नाही, चौकशीही नाही. कुणाच्याच लेखी मामांचं काही चुकलं नव्हतं.

"मला त्याला धरता आलं नसतं रे," मामा म्हणाले. "धरता येत नाही म्हणून मारलं."

ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं का, असं मी विचारलं. शिकवलं होतं. गवतावर, समोर जोडीदार उभा करून. "तो जोडीदार स्वतःच पडायचा. हा पोरगा पडणार होता का? आणि त्यालाही तेव्हा वीस वर्षं झालेली." त्या वीस वर्षांत कवायत झाली, गोळीबाराचा सराव अधूनमधून झाला. कुणाला हाताने धरण्याचा सराव पुन्हा कधी झाला नाही.

पोलिसांना स्वसंरक्षणाचं पुरेसं शिक्षण मिळतं का, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा पोलिसाच्या जिवाच्या बाजूने विचारतो. ते बरोबरच आहे. बाटली दिसल्यावर तुम्हीआम्ही पळून जाऊ शकतो. त्याने पळायचं नसतं. पण त्या रात्रीची गोष्ट ऐकल्यापासून मला हा प्रश्न त्या पोराच्याही बाजूने दिसायला लागला आहे. अटक केलेल्या माणसाला पळून जाऊ न देण्यासाठी जरूर असेल त्यापेक्षा जास्त जखडू नये, असं आपला कायदा सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४९ होतं. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४६ आहे. आता 'जरूर' किती, हे कोण ठरवतं? न्यायाधीश ठरवतील, पण वर्षांनी. त्या क्षणी ते पोलिसाचं अंग ठरवतं. ज्याला मनगट पिळून माणूस खाली बसवता येतो त्याची 'जरूर' लहान असते. ज्याला येत नाही त्याची काठीएवढी. कमरेला पिस्तूल असेल तर पिस्तुलाएवढी. जे करणं शक्यच नाही ते कर्तव्य म्हणून लादता येत नाही, हा विचार कान्टच्या नावावर सांगितला जातो. आपण मामांवर संयमाचं कर्तव्य लादलं होतं आणि तो पाळायला लागणारे हात मात्र दिले नव्हते.

महाराष्ट्र पोलिसांच्या ब्रीदवाक्यात 'खलनिग्रहणाय' असा शब्द आहे. त्यातल्या 'ग्रह्' धातूचा अर्थ धरणं. मारण्याचा त्यात उल्लेखही नाही.

इथे तुकाराम ओंबळे आठवतातच. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत, हातात काठीच असलेल्या या सहायक उपनिरीक्षकाने कसाबच्या एके-४७ची नळी धरली आणि गोळ्या अंगात घेऊनही सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला, म्हणून खटला चालला. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दर नोव्हेंबरला त्यांचा फोटो पाहून माझाही ऊर भरून येतो, आणि लगेच जरा ओशाळल्यासारखं होतं. तसलं धैर्य कुठलंही प्रशिक्षण देऊ शकत नाही, हे खरं. पण ते धैर्य होतं म्हणून बाकीचं द्यायचं राहिलं तरी चालतं, असा हिशेब आपण मनात करतो की काय?

माझ्या म्हणण्याला एक मोठी अडचण आहे. २०२०च्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणारा पोलीस नवशिका नव्हता. फ्लॉइडच्या हातांत बेड्या होत्या, म्हणजे त्याला धरून झालेलं होतं. आपल्याकडे कोठडीत मार खाणाराही आधीच धरलेला असतो. तिथे कुणी घाबरून मारत नाही. हाताचं कसब क्रौर्यावर उपाय नाही, आणि मी तसा दावा करत नाही. माझं म्हणणं रस्त्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटापुरतं आहे, जिथे भीती खरी असते. तिथे कसब असलं तर निदान 'दुसरं काय करणार होतो?' हे खोटं ठरतं. आज ते बहुतेक वेळा खरं असतं, आणि तेच मला जास्त त्रास देतं.

जपानमध्ये पोलिसांना अकादमीत ज्युदो किंवा केंदो शिकावंच लागतं, हे मी मामांना सांगितलं. ते हसले. "गणपतीचा बंदोबस्त संपला की निवडणूक. बूट काढले की पाय टम्म सुजलेले. त्यात तुझं ज्युदो कधी बसवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनुष्यबळ, सुट्ट्या, ड्युटीचे तास हे सगळं त्या गवताच्या मैदानाआधी येतं.

मग मी म्हटलं, तुम्हाला शिकवलेली ती पकड दाखवा तरी. मामांनी माझं मनगट धरलं, अंगठा कुठे ठेवायचा ते आठवलं, पिळलं. मी सहज हात सोडवून घेतला. "असं नव्हतं ते," म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने पुन्हा धरून बघू लागले.