शेवटच्या हाताचा दोष

अनर्थ घडला कीं त्याच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसास दोषी ठरवून आपण मोकळे होतों. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेव्हांच्या अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागास आग लागून ११ रुग्ण दगावले. थोड्याच दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांस अटक झाली. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो अशाच विभागांत घडणाऱ्या दुसऱ्या एका अनर्थाचा, चुकीच्या औषधाचा.

आग सर्वांस दिसते. चुकीचें औषध दिसत नाहीं. रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो आणि त्याच्या शिरेंत एकाच वेळीं अनेक औषधें चाललेलीं असतात. मायक्रोग्रॅमच्या जागीं मिलिग्रॅम वाचला गेला तर मात्रा हजारपट होते. पोटॅशियम क्लोराइडचें दाट द्रावण तसेंच टोचलें तर हृदय बंद पडतें. आणि त्याची कुपी शुद्ध पाण्याच्या कुपीसारखी दिसूं शकते. चूक झाली हें पुष्कळदां एकट्या परिचारिकेसच ठाऊक असतें. तिनें तत्काळ सांगितलें तर उपाय करतां येतो. पण सांगण्याचें फळ तुरुंग असेल तर ती सांगेल काय? शिक्षेच्या भीतीनें हात थोडाबहुत सावध होत असेल. तोंड मात्र खास बंद होतें.

मग बेपर्वाईस क्षमा करावयाची काय? मुळींच नाहीं. नशेंत कामावर येणारा, किंवा चूक लपविणारा, दंडास पात्रच आहे. परंतु रात्रपाळीच्या अखेरीस थकलेली परिचारिका दोन सारख्या कुप्यांत फसली, तर तिचा अपराध त्या जातीचा नव्हे. तेथें जबाबदारी नाहींशी होत नाहीं. त्या कुप्या एका फळीवर ठेवणाऱ्यापर्यंत, आणि झेपणार नाहींत इतके रुग्ण एकीवर सोपविणाऱ्यापर्यंत, ती पोहोंचते. जानेवारी २०२१ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत १२ बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझर पाजलें गेलें. सुदैवानें तीं सर्व बरीं झालीं. परंतु कोणीं पाजलें याबरोबरच, ती बाटली त्या हाताशीं आली कशी, हाहि प्रश्न तेथें विचारावयास हवा होता.

उपाय साधे आहेत. दाट पोटॅशियम विभागांत ठेवूं नये; धोक्याचें औषध देण्यापूर्वीं दुसऱ्या परिचारिकेनें चिठ्ठी व कुपी स्वतंत्रपणें वाचावी; मात्रा स्पष्ट अक्षरांत लिहावी. परंतु चूक बोलून दाखविणाऱ्यास अभय नसेल, तर पुढची फळी कोठें बदलावयाची हें कळणार तरी कसें? आपला आप्त त्या दाराआड असतां, कधींच न चुकणारी परिचारिका आपणांस मिळणार नाहीं. चुकतांक्षणीं निर्भयपणें सांगणारी मात्र मिळूं शकेल. ती मिळावी अशी व्यवस्था करणें हा आपणां सर्वांचाच धर्म होय.