सर्वांची बाग कोणाची?

धाराशिवांत मी राहतों त्या पेठेंत एक सार्वजनिक बाग आहे; निदान फाटकावरील पाटीवर तसें लिहिलेलें आहे. आंत बाभळी माजल्या होत्या, बांकें मोडलीं होतीं आणि हौदांत पाण्याऐवजीं कचरा सांठला होता. कित्येक वर्षें तिच्या कडेनें फिरावयास जातांना मी कारभाऱ्यांस मनांतल्या मनांत दोष देत असें, आणि तेवढ्यानें आपलें नागरिक-कर्तव्य संपलें असें समजत असें.

वस्तुतः १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमांत दिवाबत्ती व झाडलोट हीं अनिवार्य कर्तव्यें असून उद्यानें ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. तेव्हां पैसा अपुरा पडला कीं प्रथम सुकते ती बाग. ह्यावर एक तोड आमच्याच जिल्ह्यांत निघाली. नळदुर्गच्या किल्ल्याची देखभाल २०१४ सालीं शासनानें एका खासगी कंपनीकडे सोपविली, आणि त्या ओसाड किल्ल्यांत बागा फुलल्या. काम चांगलेंच झालें; परंतु किल्ल्यांत आपण पाहुणे म्हणून जातों. पेठेंतील बाग ही घरच्या अंगणासारखी. अंगणांत पाहुणेपण चालत नाहीं.

म्हणून आम्हां शेजाऱ्यांनीं ठरविलें कीं बाग आपणच सावरावी, आणि तींत जवळच्या कारागिरांचें काम असावें. तेर येथून दूर नाहीं. प्राचीन ग्रीक व्यापाऱ्यांस ठाऊक असलेलें तगर तें हेंच. गोरोबाकाकांचें गांवही हेंच. तेथें शेतांत, पांढरीच्या मातींत सांपडणाऱ्या जुन्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं जन्मभर जमविल्या, आणि त्यांच्या संग्रहावर आजचें शासकीय वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. जें कोणाचेंच नव्हतें तें एका माणसानें आपलें मानलें, म्हणून तें सर्वांचें झालें.

ह्याच उत्साहांत मी एका कुंभाराकडे कुंड्या सांगावयास गेलों. काम सार्वजनिक आहे, तेव्हां किंमत कमी करावी, किंबहुना थोडें श्रमदानच समजावें, असें मीं सुचविलें. तो शांतपणें म्हणाला, "सर, तुम्ही धर्म करायला निघालात तरी तुमचा पगार चालू राहतो. माझं चाक थांबलं की घर थांबतं." मग जरा थांबून त्यानें विचारलें, "आणि ह्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

ह्या दोन वाक्यांपुढें माझें सारें तत्त्वज्ञान निरुत्तर झालें. ज्याच्यापाशीं जें अधिक आहे तें त्यानें द्यावें, ह्याचें नांव सहकार्य. आम्हां पांढरपेशांपाशीं फुरसत अधिक आहे. कारागिराचे हात हीच त्याची मिळकत. त्याच्याकडे हात मागावयाचे आणि आपण सल्ला द्यावयाचा, ह्यास जुन्या काळीं वेठ म्हणत. आपण राबलों म्हणून नगरपालिका कर्तव्यांतून सुटते असेंही नव्हे. नळाचें पाणी तिच्याकडून हक्कानें मागावें. बादली मात्र आपण उचलावी.

कुंड्यांची पुरी किंमत दिली. पाणी घालण्याच्या पाळ्या लाविल्या. माझ्या वांट्यास आठवड्यांतले दोन दिवस आले.

गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं तपासून कोणतें मडकें कच्चें तें सांगितलें, अशी कथा आहे. परवां एका पाहुण्यासमोर ती मी मोठ्या रसानें सांगत होतों. त्याच आठवड्यांत माझ्या दोन्ही पाळ्या चुकल्या होत्या, आणि मोगऱ्याचीं दोन रोपें वाळलीं होतीं.