प्रशस्तिपत्रात न मावलेले महिने

शौर्यपदकाला साक्षीदार लागतो. कुणीतरी पाहिलेले, वरिष्ठांनी लिहून पाठवलेले आणि सरकारला उघडपणे छापता येणारे शौर्यच प्रशस्तिपत्रात उतरते. कमांडर मोहन नारायण सामंत यांना 1971 च्या युद्धात महावीरचक्र मिळाले, ते डिसेंबरातल्या मोंगला-खुलना मोहिमेसाठी. त्याआधीच्या महिन्यांबद्दल सरकार तेव्हा बोलूच शकत नव्हते. मला मात्र सामंतांची थोरवी त्या महिन्यांतच जास्त दिसते.

सामंत पाणबुडीवाले. 1969 मध्ये सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ‘करंज’ पाणबुडी नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. 1971 मध्ये त्यांच्याकडे वेगळेच काम आले: पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली तरुणांना जलकमांडो बनवायचे. फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’ सोडून पळालेले आठ बंगाली नौसैनिक भारतात पोहोचले होते. त्यांना हाताशी धरून प्लासीला, भागीरथीच्या काठी छावणी उभी राहिली. विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले तिथे रात्री-बेरात्री नदीत पोहायला शिकली. पोहण्याची चड्डी, पायांना पंखे, एक सुरी आणि जहाजाच्या पोटाला चिकटवायचा चुंबकी सुरुंग, एवढाच त्यांचा सरंजाम. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली गाणी लागली, हाच इशारा. 15 ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी जहाजे फुटली.

अशा कामात अधिकाऱ्याचा कस कुठे लागतो? स्वतः गोळीसमोर उभे राहणे एक वेळ सोपे. तिथे विचाराला फुरसत नसते. इथे आपण शिकवलेली पोरे अंधारात पाठवायची आणि आपण सीमेच्या अलीकडे थांबायचे. पकडलेल्याला आपला म्हणायची सोय नाही. परतणाऱ्यांची मोजदाद करून पुढच्या तुकडीची तयारी लगेच सुरू करायची. हे ओझे महिनोन्‌महिने वाहणाऱ्या माणसाचे धैर्य कोणत्या रकान्यात लिहिणार?

डिसेंबरात ते स्वतः निघाले. बंगाली स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या तोफनौका, आपल्या नौदलाची ‘पनवेल’ आणि सीमा सुरक्षा दलाची एक नौका, असा चारच बोटींचा ताफा सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांतून मोंगल्यात शिरला. 10 डिसेंबरला खुलन्याजवळ त्यांच्यावर विमाने आली. ती आपलीच होती. शत्रूच्या बोटी समजून झालेल्या त्या हल्ल्यात ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडाल्या. ‘पलाश’वरच्या यंत्रकक्षातले रुहुल अमीन त्या दिवशी गेले, बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. ‘पद्मा’वरचे चिमणसिंग यादव जखमी अवस्थेत साथीदारांना वाचवताना शत्रूच्या हाती सापडले. सामंतांनी पाण्यातली माणसे उचलली आणि लढाई चालू ठेवली. आपल्याच विमानांनी आपली माणसे मारल्यावरही उरलेल्यांना एकत्र ठेवायचे, हे मला मोंगल्यातल्या धाडसी मुसंडीपेक्षा कठीण वाटते. प्लासीच्या छावणीत सोसलेले ओझेच त्यांना इथे उपयोगी पडले असणार.

त्या युद्धात नौदलाला आठ महावीरचक्रे मिळाली. त्यातली तीन या चिमुकल्या ताफ्यातली: सामंत, ‘पनवेल’चे कप्तान नरोन्हा आणि चिमणसिंग. तरी दरवर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन येतो तेव्हा त्याच युद्धात नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याचेच स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. कराचीच्या ज्वाळा जगाने पाहिल्या होत्या. सामंत मार्च 2019 मध्ये मुंबईत वारले. या गुप्त मोहिमेवर त्यांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते मिळवून वाचा, आणि पुढच्या नौदल दिनी घरातल्या मुलांना कराचीबरोबर प्लासीच्या छावणीचीही गोष्ट सांगा.