चुकून दारी आलेली अमानत



मराठी भाषेत ‘शेजारधर्म’ असा एक सुंदर शब्द आहे. शेजाऱ्याशी नीट वागणे हे केवळ सौजन्य नसून तो धर्म आहे, हे या शब्दानेच गृहीत धरलेले आहे. शरीअतमध्ये यालाच ‘हक्कुल-जार’, म्हणजे शेजाऱ्याचा हक्क म्हटले जाते. सूरह निसाच्या ३६व्या आयतीत एकट्या अल्लाहच्या उपासनेची आज्ञा झाल्यावर आईवडील, नातलग, अनाथ व गोरगरीब यांच्या जोडीने जवळच्या आणि परक्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी सद्वर्तन करण्याचा आदेश आला आहे. ‘परका शेजारी’ म्हणजे ज्याच्याशी नाते नाही तो, असे अनेक भाष्यकार सांगतात. काहींनी त्याचा अर्थ अन्य धर्माचा शेजारी असाही केला आहे. हजरत जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळणार की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात कितीदा तरी ऐकली असेल.

मात्र हे ऐकत असताना आपल्या डोळ्यांसमोर चांगला शेजारी उभा राहतो. ईदला ज्याच्या घरी शीरखुर्मा जातो, दिवाळीला ज्याच्या घरून फराळाचे ताट येते, तो. त्याच्याशी चांगले वागण्यास ईमानाचे फार मोठे बळ लागत नाही.

काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एका बांधवांनी मला थांबवून एक मसला विचारला. त्यांच्या समोरच्या घरातील गृहस्थांनी, या बांधवांनी घर विकत घेतले त्या वेळी, सोसायटीच्या सभेत उघड विरोध केला होता. त्याला चार वर्षे झाली. जिन्यात समोरासमोर आले तरी ते गृहस्थ मान वळवतात. त्या दिवशी दुपारी त्यांचे एक पार्सल चुकून या बांधवांच्या दाराशी ठेवले गेले. वेष्टनावर औषधांच्या दुकानाचे नाव होते आणि बाहेर पाऊस होता, म्हणून घरच्यांनी ते आत घेतले. “मौलाना,” ते म्हणाले, “नेऊन द्यावे तर म्हणतील, उघडून पाहिले असेल. औषधाचा मामला आहे, उद्या काही झाले तर बोट आमच्याकडे दाखवतील. न द्यावे तर अल्लाह विचारील. आणणारा मुलगा फोन उचलत नाही. काय करावे?”

त्यांच्या प्रश्नात राग थोडा आणि भीती अधिक होती. आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे या भीतीत राहतात, म्हणून हा मसला थोडा विस्ताराने मांडत आहे.

प्रथम ती वस्तू आपल्या घरात कोणत्या नात्याने आहे ते पाहू. रस्त्यात सापडलेल्या, मालक ठाऊक नसलेल्या वस्तूस फिकहमध्ये ‘लुकता’ म्हणतात; तिच्या मालकाचा शोध घ्यावा लागतो, तिची जाहीर वाच्यता करावी लागते. पार्सलावर तर मालकाचे नाव आणि घरक्रमांक छापलेला असतो. शोध घेण्यासारखे काही उरतच नाही. मालकाला परत करण्याच्या हेतूने ते उचलले त्या क्षणापासून ते आपल्या हाती अमानत असते. अमानत हा शब्द आपल्या मराठीत ‘अनामत’ होऊन रुळला आहे. वीजजोडणीला अनामत रक्कम भरावी लागते, निवडणुकीत पुरेशी मते न मिळालेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. ईमान, अमानत आणि अमन हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. दुसऱ्याच्या वस्तूचा सांभाळ आणि श्रद्धा यांचे नाते त्या धातूतच आहे.

सूरह निसाच्या ५८व्या आयतीची आज्ञा अशी आहे की, अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवाव्यात. हक्कदार सज्जन असावा, तो आपल्याशी बोलत असावा, त्याने कधी आपल्याविरुद्ध हात वर केलेला नसावा, अशी कोणतीही अट त्यात नाही. आणि सूरह माइदाच्या ८व्या आयतीत स्पष्ट बजावले आहे की, एखाद्या लोकसमूहाच्या वैरामुळे तुमच्या हातून न्याय सुटता कामा नये.

येथे आपल्या वक्त्यांची एक सवय मला खटकते. असा विषय निघाला की आपण लगेच वाईटाचा प्रतिकार भलाईने करण्याच्या उपदेशाकडे वळतो. तो उपदेश सत्य आहे. सूरह हामीम सजदामध्ये तो आला आहे आणि त्याने वैरीही जिवलग मित्र होऊ शकतो, असे तेथे सांगितले आहे. परंतु तो उपदेश ‘एहसान’चा, म्हणजे हक्काहून अधिक देण्याचा आहे. शेजाऱ्याचे पार्सल त्याला देणे हा एहसान नव्हे. ते त्याचेच आहे. आपण आपले काही देत नाही, केवळ त्याचे अडवून ठेवत नाही. हा भेद निसटला की मन हिशेब करू लागते: मी एवढे केले, त्याने साधे आभारही मानले नाहीत! उधारी फेडणारा माणूस सावकाराकडून आभारांची अपेक्षा करतो काय?

हिजरतची रात्र आठवा. मक्केचे सरदार प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते आणि त्याच मक्केतील लोकांच्या ठेवी प्रेषितांच्या घरी होत्या. दिवसा ज्यांना खोटे ठरवायचे त्यांच्याच हवाली रात्री आपला ऐवज करायचा, असा तो विलक्षण व्यवहार होता. सन ६२२ मध्ये मक्का सोडताना प्रेषितांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते तीन दिवस तेथे राहिले आणि प्रत्येकाची ठेव ज्याची त्याला देऊन मग मदीनेस निघाले. मुसलमानांची घरे मक्केत मागे राहत होती, छळाच्या जखमा अंगावर होत्या. त्या बदल्यात या ठेवी वळत्या कराव्यात, असा विचार कोणी मांडल्याचे सीरतच्या ग्रंथांत आढळत नाही.

दुसरा प्रसंग मक्काविजयाचा, हिजरी सन ८ मधला. काबागृहाची किल्ली हजरत उस्मान बिन तल्हा यांच्या घराण्याकडे होती. याच उस्मान यांनी इस्लाम स्वीकारण्यापूर्वी एकदा प्रेषितांना काबागृहात जाण्यापासून अडवले होते, असे सीरतकारांनी नोंदवले आहे. विजयाच्या दिवशी किल्ली प्रेषितांच्या हाती आली, आणि ती आपल्या घराण्याला मिळावी अशी इच्छा त्यांच्या अगदी जवळच्या माणसांनी व्यक्त केली. प्रेषितांनी उस्मान यांना बोलावून किल्ली त्यांच्याच हाती परत दिली. अमानतीच्या आयतीचे भाष्य करताना मुफस्सिर हा प्रसंग सांगतात. ते शैबी घराणे आजही काबागृहाच्या किल्लीचे धनी आहे.

(अंगावर कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी येथे मुद्दाम सांगितली नाही. ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, परंतु हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत तिला आधार मिळत नाही. खऱ्या प्रसंगांची उणीव नसताना निराधार कथा कशाला हवी?)

आता एक अवघड उपप्रश्न. शेजाऱ्याकडे आपले खरोखरच काही देणे असेल तर? त्याच्या न्हाणीघराच्या गळतीने आपली भिंत खराब झाली, दुरुस्तीचा खर्च तो देत नाही, आणि आता त्याचा माल आपल्या हाती आला आहे. बुडवलेला हक्क देणेकऱ्याच्या मालातून वसूल करता येतो काय, यावर फकीहांनी सविस्तर चर्चा केली आहे. हजरत हिंद (रजि.) यांना पतीच्या मालातून घरखर्चापुरते घेण्याची प्रेषितांनी दिलेली परवानगी हा त्या चर्चेचा आधार आहे. शाफई विद्वान काही शर्तींसह मुभा देतात, हनफींच्या शर्ती अधिक कडक आहेत. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई मसलकाचे असल्याने हा मतभेद त्यांनी आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. परंतु ती चर्चा सिद्ध झालेल्या आणि नाकारल्या गेलेल्या आर्थिक देण्याविषयी आहे. दुखावलेल्या मनाची वसुली त्यात बसत नाही. शिवाय ज्याने विश्वासघात केला त्याच्याशीही विश्वासघात करू नये, ही अबू दाऊद व तिर्मिजीमधील हदीस अमानतीबाबत आपल्यापुढे आहे. भिंतीचा खर्च सोसायटीकडे मागा, न्यायालयात मागा. पार्सल मात्र देऊन टाका.

राहिली ती आरोपाची भीती. तिला मी क्षुल्लक मानत नाही. तिचा उपाय शरीअतनेच शिकवला आहे. अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, ज्याला वस्तू सापडेल त्याने एक किंवा दोन विश्वासू माणसांना साक्षी ठेवावे आणि ती वस्तू लपवू नये. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी तर या साक्षीला इतके महत्त्व दिले की, साक्षी ठेवणे शक्य असूनही ठेवले नाही आणि वस्तू नष्ट झाली, तर भरपाईची जबाबदारी उचलणाऱ्यावर टाकली. म्हणून त्या बांधवांना मी सांगितले: पार्सल उघडू नका, हलवून पाहू नका. सीलबंद स्थितीत त्याचे छायाचित्र घ्या. खालच्या वॉचमनला किंवा सोसायटीच्या सचिवांना सोबत घ्या आणि आजच रात्री त्यांच्या दारी जा. सकाळची वाट पाहू नका. आत कोणाचे औषध आहे आणि ते कोणत्या वेळेचे आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.

देशाचा कायदाही येथे वेगळे सांगत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर, विश्वासाने सोपवलेल्या वस्तूच्या राखणदाराइतकीच जबाबदारी असते. ती अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे.

घरातील भगिनींसाठी एक गोष्ट, कारण दुपारी दार बहुधा त्याच उघडतात. आणणारा मुलगा घाईत असतो आणि “बाजूला देऊन टाका, ताई” असे म्हणून पार्सल पुढे करतो. ते घेण्यास नकार देण्याचा आपल्याला अधिकार आहे. योग्य दार दाखवले की पुरे. एकदा हाती घेतले की मात्र सांभाळ आपल्याकडे आला. योग्य काळजी घेऊनही त्यास काही झाले तर साधारणतः दोष आपल्यावर येत नाही, पण गॅलरीत पावसात भिजले किंवा मुलांच्या हाती पडले तर येतो. खाण्याचा डबा मुलांनी उघडून संपवलाच असेल तर तसे सरळ सांगावे आणि तोच पदार्थ किंवा त्याची किंमत द्यावी. दारात न घेता तसेच पडू द्यावे काय? नष्ट होण्याची भीती असेल तर उचलून ठेवणे आवश्यक आहे, असे हनफी ग्रंथांत सांगितले आहे. आणि त्या मुलावर ओरडू नये. गहाळ झालेल्या मालाचा बोजा शेवटी त्याच्याच रोजंदारीवर पडू शकतो, आणि तो अनेकदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

वेष्टनावर जे वाचले गेले तेही अमानतच आहे. शेजाऱ्याकडे कोणत्या दुकानाचे औषध येते, किती रुपयांचा माल येतो, हे जेवताना बोलायचे विषय नव्हेत. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीने टेहळणी आणि पाठीमागची निंदा या दोहोंना एकाच ठिकाणी मनाई केली आहे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे आम्ही सर्व अन्याय मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. शेजाऱ्याचा त्रास घेऊन आलेल्या एका माणसाला प्रेषितांनी आधी दोन-तीनदा सब्र करण्यास सांगितले, आणि तरीही त्रास थांबेना तेव्हा घरातील सामान रस्त्यावर मांडून ठेवण्यास सांगितले. येणारे-जाणारे कारण विचारू लागले, त्रास देणाऱ्यास दूषणे देऊ लागले. अखेर तो स्वतःच येऊन विनवू लागला की, सामान आत ने, यापुढे माझ्याकडून तुला त्रास होणार नाही. ही हदीसही अबू दाऊदमध्ये आहे. तक्रार करणे, दाद मागणे, अन्याय चारचौघांत मांडणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. पार्सल दिल्याने तक्रार मिटत नाही, आणि तक्रार आहे म्हणून पार्सल थांबत नाही.

दारी गेल्यावर काय बोलावे, असेही त्या बांधवांनी विचारले होते. एवढेच बोलावे: “आपले पार्सल चुकून आमच्याकडे आले होते. तपासून घ्या.” जुन्या सभेचा उल्लेख नको. आमचा धर्म आम्हाला असे शिकवतो, हे वाक्यही तेथे नको. तो शिकवतो की नाही हे समोरच्याला बंद वेष्टनावरून दिसेलच. घरी येऊन त्याचे छायाचित्र स्टेटसला लावणे तर त्याहून नको. छायाचित्र साक्षीसाठी काढले होते, प्रसिद्धीसाठी नव्हे. आणि दार उघडलेच नाही, तर वॉचमनकडे नोंद करून पार्सल ठेवावे, शेजाऱ्याला दोन ओळींचा निरोप पाठवावा, आणि ते त्याच्या हाती पोहोचले की नाही हे दुसऱ्या दिवशी वॉचमनला एकदा विचारावे.