साच्यातली हिंसा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत लोखंडाचा रस ओतला जात असताना साच्याच्या फटींतून ज्वाळा उठतात. वाळूत कालवलेली कोळशाची पूड तेव्हा पेटलेली असते. साच्याच्या या वाळूत, म्हणजे ‘ग्रीन सँड’मध्ये, सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, पाणी आणि ही पूड असते. सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापलेला रस आत शिरला की पुडीतून वायू निघतात, साच्याच्या आतल्या अंगावर कार्बनचा चकचकीत थर बसतो आणि लोखंड वाळूला चिकटत नाही. कास्टिंग गुळगुळीत निघते.

साच्यातून निघणाऱ्या त्या वायूंच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिनही असते. कोअर (साच्यात पोकळीसाठी बसवलेला वाळूचा गाभा) घट्ट बांधण्यासाठी फिनॉलिक रेझिन वापरले, तर फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडची भर पडते. साचा फोडताना सिलिकाची बारीक धूळ उडते. बेंझिन आणि स्फटिकी सिलिकाची धूळ ही दोन्ही माणसात कर्करोग घडवतात, हे सिद्ध झालेले आहे. फुप्फुसांत ही धूळ साचून होणाऱ्या सिलिकोसिसवर तर बरे करणारा उपचारच नाही. वापरून टाकलेली रेझिनची वाळू उघड्यावर पडली, तर पावसाबरोबर फिनॉल जमिनीत झिरपू शकते.

या साऱ्याकडे पाहण्याची एक जुनी आणि कडक दृष्टी याच भागात नांदते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती, व्यापार आणि उद्योगात आहे. जैन दर्शनात पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांनाही जीवांचे देह मानले आहे. फौंड्रीत या चौघांशी एकाच वेळी गाठ पडते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले. त्यांत पहिला भट्टीचा, अंगाराचा आहे आणि लोहारकामही त्यातच येते.

मग श्रावकाने फौंड्री काढूच नये का?

परंपरेने गृहस्थाचा विचार वेगळा केला आहे. हिंसेचे चार प्रकार मानले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. पोटापाण्याच्या कामात घडणारी उद्योगी हिंसा मात्र त्याला पुरती टाळता येत नाही. तरीही ही सवलत मोकाट नाही, तिला यत्नाची, म्हणजे सावधपणाची अट आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, गाफीलपणाला, मुळाशी ठेवले आहे.

या अटीमुळेच आजच्या फौंड्रीपुढचा प्रश्न बदलतो. धुराने काय होते हे माहीत नसताना जे अटळ वाटत होते, ते उपाय हाती आल्यावर अटळ राहत नाही. वाळू बांधून ठेवणारे सोडियम सिलिकेटसारखे अजैविक बाइंडर आहेत, त्यांतून सेंद्रिय धूर फारसा निघत नाही. साचा फोडण्याच्या (नॉकआउटच्या) जागी धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवता येते. रेझिनची वाळू भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. यांपैकी एकही उपाय निर्दोष नाही. सिलिकेटचा साचा फोडणे अवघड जाते, वाळू तापवायला इंधन लागते. हिंसा शून्यावर येत नाही, पण कमी करता येते. म्हणून ठाऊक असलेला उपाय केवळ पैसे वाचवण्यासाठी टाळणे हा सरळ प्रमाद ठरतो.

तो प्रमाद एकट्या मालकाचा नसतो. जैन विचारात कर्म करणारा, करवून घेणारा आणि त्याला अनुमोदन देणारा, तिघेही बांधले जातात. साचा फोडणारा कामगार धूळ छातीत घेतो. मालक ते काम करवून घेतो. मोटारीचे सुटे भाग मागवणारी कंपनी दर ठरवताना पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि मापे तपासते. त्या धुळीची विचारपूस तिने केली नाही आणि स्वस्त दराचा आग्रहच धरला, तर अनुमोदनाचा वाटा तिच्याही पदरी येतो. खरेदीच्या करारात धूळ ओढणाऱ्या यंत्रणेचा खर्च धरणे आणि कामगारांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी मागणे ही त्या कंपनीच्या यत्नाची सुरुवात आहे, आणि त्यासाठी तिला कुठल्याही नव्या शोधाची वाट पाहायची नाही.